होकार देणाऱ्यांचे पर्यावरण : गोसीखुर्द आणि आपले हिरवे राजकारण

माझ्या घरातल्या लोखंडी कपाटात गोसीखुर्दवरच्या कात्रणांच्या तीन फायली आहेत. एकीवर ‘घोटाळा’ असे लिहिले आहे, दुसरीवर ‘वाघ’, तिसरीवर ‘नाग नदी’. ही विभागणी काही ठरवून केलेली नव्हती. वीसेक वर्षे वर्तमानपत्रे कापत गेलो आणि कागद आपोआप त्या तीन ढिगांत पडत गेले. गेल्या उन्हाळ्यात तिन्ही फायली एकापाठोपाठ वाचायला घेतल्या, तेव्हा ध्यानात आले की ज्यांची घरे आणि शेते धरणाच्या पाण्यात गेली, त्या माणसांसाठी वेगळी फाईल मी कधी केलीच नाही. त्यांच्या बातम्या होत्या. पण बऱ्याचशा सापडल्या त्या दुसऱ्याच कात्रणांच्या मागच्या बाजूला, अर्धवट कापलेल्या. कुठे मथळा गेलेला, कुठे शेवट.

हा दोष आधी माझा आहे. पण माझ्या एकट्याचा नाही. मराठीत गेल्या तीन-चार दशकांत पर्यावरणाविषयी जे लिहिले-बोलले गेले, ज्याला आपण सैलपणे हिरवे राजकारण म्हणू, त्याच्याही कपाटात गोसीखुर्दच्या याच तीन फायली आहेत, असे माझे म्हणणे आहे. असे का झाले आणि त्यामुळे काय हातचे गेले, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे. मी ना अभियंता, ना जीवशास्त्रज्ञ. शिक्षण वाणिज्य शाखेचे; बाकी जे काही आले ते शासन निर्णय, अहवाल आणि एस.टी.चा प्रवास यांतून.

आधी प्रकल्पाची थोडक्यात ओळख. गोसीखुर्द हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातले वैनगंगेकाठचे गाव. कागदोपत्री धरणाचे नाव ‘इंदिरासागर’. लोकांच्या तोंडी गोसीखुर्द, गोसेखुर्द किंवा नुसते ‘गोसे’. खुर्द म्हणजे धाकटे. या धाकट्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प २००८ साली ‘राष्ट्रीय प्रकल्प’ झाला. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती. २२ एप्रिल हा अमेरिकेत १९७० पासून वसुंधरा दिन म्हणून पाळला जातो. हा योगायोग तेव्हा कोणाच्या ध्यानात आला असेल असे वाटत नाही. आपल्याकडे तो दिवस अजून पोचायचा होता. १९८३ च्या मूळ मान्यतेत खर्च होता ३७२ कोटी रुपये. २०१२-१३ च्या दरांवर तो १८,४९४ कोटींच्या पुढे गेला. सव्वाअकरा किलोमीटरहून लांब बांध, ३३ दरवाजे, ७४० दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून २,५०,८०० हेक्टर सिंचनाचे वचन.

आता फायलींकडे वळतो. पहिली सर्वांत जाड आहे. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाची कामे, वाढत गेलेल्या किमती, डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचा निकृष्ट दर्जा, नागपूरच्या जनमंच या संघटनेने उच्च न्यायालयात केलेली जनहित याचिका, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालची विशेष चौकशी समिती, महालेखापरीक्षकांचे ताशेरे. हे सगळे महत्त्वाचे आहे आणि ज्यांनी ते उकरून काढले त्यांचे उपकारच आहेत. पण ही फाईल सलग वाचली की तिच्यातले एक गृहीतक हळूहळू दिसू लागते. धरण मुळात चांगलेच होते, माणसे वाईट निघाली. कालव्याचे काँक्रीट नीट घातले असते तर गोष्ट सुखान्त होती. विस्थापित या कथेत येतात ते रकमेच्या रूपाने. पुनर्वसनावरचा खर्च वाढला, म्हणून प्रकल्पाची किंमत वाढली, एवढीच त्यांची भूमिका. चोरी झालेल्या घरात चोरीचा तपास करताना, ते घर कोणाच्या जागेवर बांधले हे विचारायचे राहून जावे, तसे झाले.

दुसरी फाईल वाघाची. २०१२ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झाले. २०१३ मध्ये नागझिऱ्याहून चालत आलेला ‘जय’ नावाचा वाघ तिथे स्थिरावला, पर्यटकांचा लाडका झाला आणि एप्रिल २०१६ नंतर कोणालाच दिसला नाही. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ हरवतो ही गंभीरच बाब होती. त्या काही महिन्यांची कात्रणे माझ्याकडे चांगली बोटभर जाडीची आहेत. कुठून आला, किती नद्या-रस्ते ओलांडले, शेवटचा कुठे दिसला, सगळे तपशिलाने. याच काळात अभ्यासकांनी एक मोलाचा मुद्दा मांडला : गोसीखुर्दचे कालवे वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटा तोडतात, उभ्या काठांच्या कालव्यात जनावरे पडतात, म्हणून त्यांच्यावर जागोजागी ओलांडणीची सोय हवी. मागणी रास्त आहे. पण माझ्या मनात एक खोच राहिली. अभयारण्य आणि जलाशय शेजारी शेजारी आहेत. एका बाजूला नाव असलेला एक वाघ होता, त्याची वाट मोजली गेली. दुसऱ्या बाजूला हजारो कुटुंबे उठून नव्या गावठाणांत गेली. ती कोणत्या वाटेने गेली, त्यांतली किती तिथून पुढे नागपूरच्या झोपडपट्ट्यांत आणि बांधकामांवर गेली, याचा असा नकाशा मला आजवर पाहायला मिळालेला नाही. वाघाला कॉलर लावू नये असे मी म्हणत नाही. ज्या नजरेने वाघ पाहिला, ती नजर एवढी सूक्ष्म असताना चार कोसांवर आंधळी कशी झाली, एवढेच विचारतो.

याचे उत्तर शोधायला १९८८ साली परत जावे लागते.

ते वर्ष हिरव्या राजकारणाच्या इतिहासात मोठे आहे. ऑगस्टमध्ये नर्मदेच्या खोऱ्यात आंदोलनाने सरदार सरोवराला संपूर्ण विरोधाची भूमिका जाहीर केली. तोवर पुनर्वसनाचे प्रश्न विचारणारी चळवळ धरणालाच ‘नाही’ म्हणू लागली. डिसेंबरमध्ये ब्राझीलमध्ये रबराचा चीक काढणाऱ्या मजुरांचा नेता चिको मेंडिस याचा खून झाला आणि जंगल वाचवणे म्हणजे जंगलावर जगणाऱ्यांचा हक्क वाचवणे, ही गोष्ट जगभर पोचली. पवनी तालुक्यात मात्र पायाभरणीचा दगड बसला आणि कोणी ‘नाही’ म्हटले नाही.

विदर्भातच याच्या उलट उदाहरण ताजे होते. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. त्या खालच्या अंगाला इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली अशी दोन धरणे योजली होती. त्यांच्याविरुद्ध ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बाबा आमटे आणि गडचिरोलीतल्या आदिवासींनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे केले आणि ती धरणे बाजूला पडली. या आंदोलनाचे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. जंगल आणि मानव या दोघांना त्यात एकच क्रियापद आहे. मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा ज्या विचारातून घडली, त्याची एक मुळी इथेच आहे.

गोसीखुर्दला हे नाव लागू पडले नाही. एक तर जंगल कमी आणि धानाच्या बांध्या जास्त. बुडणारे लोक मुख्यतः कुणबी, ढीवर, दलित, कारागीर. त्यांतल्या शेतकऱ्याला पाणी नको नव्हते; पाण्यासाठी तर त्याचा जीव जात होता. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या, पुढे मालगुजारी आणि मग ‘मामा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या तलावांवर इथली शेती उभी राहिली. ते तलाव गाळाने भरत चालले होते आणि मोठ्या धरणाचे पाणी येणार, हे आश्वासन होते. दुसरे कारण राजकीय आहे आणि त्यावर अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला आणि पुढची तीस वर्षे विदर्भाच्या सार्वजनिक बोलण्यात ‘अनुशेष’ हा सर्वांत वजनदार शब्द राहिला. गोसीखुर्द हे त्या अनुशेषाचे सर्वांत मोठे उत्तर ठरले. त्यावर शंका घेणारा माणूस मग विदर्भद्रोही ठरायला वेळ लागत नसे. उलट पर्यावरण हा शब्द इथे आला तो अडथळ्याच्या अर्थाने. १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि झुडपी जंगलाचा गुंता यांमुळे आमचे प्रकल्प अडतात, हे वाक्य विदर्भातल्या कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावर टाळ्या घेत असे. आजही घेते.

कायद्यानेही विचारायची सक्ती नव्हती. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना आली १९९४ साली आणि तीत जनसुनावणी बंधनकारक झाली १९९७ मध्ये. तोवर इथला दगड बसून नऊ वर्षे झाली होती.

अशा परिस्थितीत इथल्या लोकांनी जी घोषणा घेतली, ती महाराष्ट्राच्या धरणग्रस्त चळवळीत रुळलेली होती : आधी पुनर्वसन, मग धरण. गोसीखुर्द प्रकल्पग्रस्त संघर्ष समितीने, विलास भोंगाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही घोषणा घेऊन वर्षानुवर्षे मोर्चे काढले, धरणे धरली, पाण्यात उभे राहून आंदोलने केली. ही घोषणा नीट वाचायला हवी. तीत धरणाला होकार आहे. पण तो सशर्त आहे आणि ‘आधी’ हा त्यातला कळीचा शब्द आहे. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जमीनच द्यायची नाही हा आग्रह होता. तो लढा हरला तरी इतिहासात त्याला मानाचे पान मिळाले. होकार देऊन फसवले गेलेल्यांना तसे पान मिळत नाही. नकारात एक नाट्य असते, चित्रे चांगली येतात. सशर्त होकारात कागद असतात, तारखा असतात, तलाठी असतो.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. आपल्या हिरव्या राजकारणाकडे नकार ओळखण्याची कसोटी आहे, होकाराची अट ओळखण्याची नाही. रामचंद्र गुहा आणि हुआन मार्टिनेझ-आलिएर यांनी ‘गरिबांचा पर्यावरणवाद’ ही कल्पना मांडून मोठे काम केले. पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा छंद नाही, हे त्यामुळे ठसले. पण आपल्या कार्यकर्त्यांनी आणि लेखकांनी ती वापरता वापरता गरिबाकडून एक अपेक्षाही बाळगली : त्याने निसर्गाचा राखणदार असावे. जो गरीब शेतकरी कालव्याचे पाणी मागतो, नवे घर सिमेंटचे हवे म्हणतो, त्याचे काय करायचे हे या मांडणीला कळेना. मग तो ‘विकासाच्या मोहात पडलेला’ ठरला आणि त्याचा प्रश्न महसूल खात्याकडे गेला.

थोडे शब्दांविषयी. सरकारी मराठीत ज्यांचे जाते ते ‘प्रकल्पग्रस्त’. ग्रस्त हा शब्द आपण रोग, पूर, दुष्काळ यांना लावतो. जणू प्रकल्प ही कोणी न केलेली आपत्ती. ज्यांना मिळते त्यांच्यासाठी मात्र ‘लाभक्षेत्र’ आणि ‘लाभधारक’ असे ठाम, हक्क सांगणारे शब्द. एकाला धारण करता येते, दुसरा नुसता ग्रासला जातो. जागतिक धरण आयोगाने २००० साली अहवाल दिला, मेधा पाटकर त्या आयोगाच्या सदस्य होत्या. त्यात एक भेद फार नेमका आहे : स्वतःहून जोखीम पत्करणारे वेगळे आणि ज्यांच्यावर जोखीम लादली जाते ते वेगळे, दुसऱ्यांना निर्णयाच्या टेबलावर जागा हवी. आपल्या ‘ग्रस्त’ या शब्दात ही लादण्याची क्रियाच पुसली जाते.

त्यातही सातबाऱ्यावर नाव असलेला निदान ‘ग्रस्त’ तरी होतो. ढिवरांचे काय? वैनगंगेच्या वाळूत उन्हाळ्यात डांगरवाड्या लागत. टरबूज, डांगर, काकडी. पावसाळा आला की नदी वाडी घेऊन जाई, पुढच्या वर्षी वाळू दुसरीकडे पडे, तिथे नवी वाडी. ही शेती कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हती. जलाशयाचे पाणी चढले, वाळू कायमची खाली गेली आणि भरपाई मागायला हातात कागद नाही. वाहत्या नदीतल्या मासेमारीचे तेच. स्थिर साठ्यातली मासेमारी हा वेगळा धंदा आहे. जाळे वेगळे, मासा वेगळा, संस्था आणि ठेका हेही आले. घर-शेताचे मोजमाप झाले. नदीचे झाले नाही. आणि नदी हा तर पर्यावरणवाद्यांचा हक्काचा विषय! नदीवर जगणाऱ्यांचे नुकसान हे पर्यावरणाचे नुकसान म्हणून मांडायला याहून चांगली जागा कोणती होती?

आता तिसऱ्या फायलीकडे, म्हणजे आंभोऱ्याकडे जाऊ.

आंभोरा हे नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवरचे, वैनगंगा-कन्हानच्या संगमावरचे ठिकाण. पाच नद्यांचा संगम म्हणून त्याची ख्याती, टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला, असे विदर्भातले अभ्यासक मानतात. अंबाजोगाईचे लोक ते मानत नाहीत, आणि हा वाद या लेखात सुटणारा नाही. तरीही मराठीतल्या एका आद्य ग्रंथाशी ज्या संगमाचे नाव जोडले जाते, तिथले पाणी आज कसे आहे हे मराठीच्या अभ्यासकांनी एकदा जाऊन पाहावे, अशी माझी विनंती आहे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून इथे येते. नदी वाहती होती तोवर ते पुढे जात होते, पातळ होत होते. धरणाने नदीचे तळे केल्यावर ते साचू लागले. उन्हाळ्यात हिरवट पाणी, जलपर्णी, वास. भंडारा शहराला पिण्याचे पाणी वैनगंगेतूनच. फुगवटा तिथवर पोचतो. आता आंभोऱ्याला मोठा, केबलांनी तोललेला पूल झाला आहे, वरून संगम पाहायची सोय आहे. उंचावरून पाणी सुंदरच दिसते.

या प्रश्नावर मात्र नागपूरचे पर्यावरणवादी भरपूर बोलले आणि त्यांच्या बोलण्याला यशही आले. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा जपानी कर्जाच्या आधाराने सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला. पण त्या मांडणीचे केंद्र कुठे आहे ते पाहा. नागपूरची ओळख असलेली नदी, नागपूरच्या काठांचे सुशोभीकरण, नागपूरकरांचा फेरफटका. नदी शहराच्या हद्दीबाहेर गेली की बातमी संपते. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, १९५८ पासून याच शहरात आहे, हा आणखी एक विनोद. शहराच्या सांडपाण्याचा प्रक्रिया केलेला भाग कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिला जातो आणि पुनर्वापराचा आदर्श म्हणून परिषदांत त्याचा गौरव होतो. तो गौरव खोटा नाही. पण प्रक्रिया न झालेले जे पाणी खाली जाते, ते ज्यांच्या दारात जाते त्यांनी याच तळ्यासाठी जमीन दिली आहे. आधी गाव द्या आणि मग त्या गावावर साचलेले दुसऱ्याचे सांडपाणी प्या, असा हा व्यवहार झाला. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच, सुभाष कुमार खटल्यात म्हटले. त्या आधाराने विस्थापितांचा आणि पाण्याचा प्रश्न एकच करून मांडता आला असता. ‘वाघ’ आणि ‘नाग नदी’ या फायलींप्रमाणे तेही वेगवेगळेच राहिले.

२०१३ हे वर्ष या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्याजोगे आहे. १८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीविषयी ग्रामसभांना विचारा असा निर्णय दिला. त्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ‘नाही’ म्हणाल्या. देशभरच्या हिरव्या चळवळीने तो दिवाळीसारखा साजरा केला, आणि साजरा करण्यासारखाच होता. त्याच पावसाळ्याच्या तोंडावर, जूनमध्ये, महाराष्ट्र शासनाने गोसीखुर्दच्या प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,१९९ कोटी ६० लाखांचे विशेष पॅकेज दिले. नव्या भूसंपादन कायद्याला त्यानंतर तीनच महिन्यांनी राष्ट्रपतींची संमती मिळाली. नियमगिरीच्या डोंगरिया कोंधांना त्यांच्या देवाविषयी विचारले गेले. वैनगंगेकाठच्या माणसाला विचारले गेले ते बँक खात्याचा क्रमांक.

फरक कशाचा? कायद्याचा, हे उघड आहे. भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून पेसा नाही. वनहक्क कायद्यात जलाशयांतल्या माशांवरच्या हक्काचा उल्लेख आहे. पण तो वनात राहणाऱ्यांसाठी. ढीवर भटक्या जमातींच्या यादीत, कुणबी इतर मागासवर्गात. संमती विचारण्याचा हक्क ज्या दारांतून आत येतो, ती सगळी दारे यांच्यासाठी बंद. आदिवासींनी लढून मिळवलेला हक्क त्यांच्यापुरताच ठेवायचा की नदीकाठच्या प्रत्येक ग्रामसभेपर्यंत न्यायचा, हा प्रश्न हिरव्या राजकारणाने त्या वर्षी विचारायला हवा होता. तो विचारला गेला नाही.

चळवळीनेही पॅकेज घेऊन चूक केली का? यावर मी बराच काळ डळमळत होतो. पॅकेज म्हणजे बांधून दिलेला पुडा. आत काय घालायचे हे देणारा ठरवतो. जमिनीऐवजी पैसे, नोकरीऐवजी पैसे. एकदा पैसे घेतले की पुढे पाणी घाण झाले, मासा मेला, नवे गावठाण पावसात गळू लागले, तरी ‘तुमचा हिशेब झाला’ असे म्हणता येते. हे समितीच्या लोकांना कळत नव्हते असे नाही. त्यानंतरही त्यांचे मोर्चे थांबलेले नाहीत. पण पंचवीस वर्षे थांबलेल्या माणसाला, ज्याच्या पोरीचे लग्न अडले आहे, तू तत्त्वासाठी आणखी थांब असे कोणी सांगायचे? मी तरी सांगणार नाही. आज माझे मत असे आहे की चूक घेणाऱ्याची नव्हती. त्या वेळी त्यांच्या बाजूला कोणी नव्हते ही चूक आमची होती. पैशाखेरीज दुसरे काही मागता येते, हे सांगणारी भाषा आमच्याकडे होती आणि ती आम्ही दुसरीकडे वापरत होतो.

हा दोष एकट्या मराठी पर्यावरणवादाचा आहे असे वाटू नये, म्हणून एक परदेशी दाखला. जर्मनीतला ग्रीन पक्ष १९८० साली स्थापन झाला. पर्यावरण, सामाजिक न्याय, तळापासूनची लोकशाही आणि अहिंसा या चार खांबांवर. जगभरच्या हिरव्या पक्षांचे हे कुलदैवत. २०२२ मध्ये हाच पक्ष सत्तेत भागीदार असताना त्याच्या मंत्र्यांनी आरडब्ल्यूई कंपनीशी करार केला : पश्चिमेकडच्या त्या खाणपट्ट्यातला कोळसा ठरल्यापेक्षा आठ वर्षे आधी, २०३० मध्ये बंद होईल, पाच गावे वाचतील, मात्र ल्युट्झराट हे गाव खाणीसाठी जाईल. जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी ते रिकामे केले. झाडांवर आणि घरांत ठाण मांडून बसलेल्या तरुणांची छायाचित्रे आपल्याकडेही छापून आली. त्यात एक तपशील मागे पडला. गावातले मूळ रहिवासी मोबदला घेऊन आधीच निघून गेले होते. शेवटी उरले होते ते बहुतेक बाहेरून आलेले कार्यकर्ते. जगाने पाहिला तो नकार. आधी झालेला, कंटाळून दिलेला होकार तिथेही कोणी मोजला नाही.

खनिज काढणे आणि पाणी काढणे यांत आपण फरक करतो. सूरजागडचे लोह हे उत्खनन, तुमसर तालुक्यातल्या चिखला-डोंगरीचे मँगनीज हे उत्खनन. धरण म्हणजे मात्र सिंचन, ‘पाणी अडवा’च्या पुण्यकर्माचा मोठा भाऊ. गोसीखुर्दने हा फरक पुसला आहे. एनटीपीसीचे मौद्याचे २,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र या जलाशयावर चालते. शेतीच्या नावाने अडवलेल्या पाण्याला विजेचा वाटेकरी मिळाला, तेव्हा जमीन देणाऱ्यांना कोणी विचारल्याचे मला कुठल्या कागदात आढळलेले नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वरून मध्य प्रदेशातून पाणी आले, सगळे ३३ दरवाजे उघडले आणि खालच्या ब्रह्मपुरी-गडचिरोलीकडची गावे पाण्यात गेली. त्या पाण्याचा मालक मात्र तेव्हा कोणी नव्हता.

आणि आता वैनगंगा-नळगंगा नदीजोड. गोसीखुर्दपासून बुलढाण्यापर्यंत ४२६ किलोमीटरचा जोडकालवा, खर्च ८७ हजार कोटींहून अधिक, सहा जिल्हे, वर्षाला १,७७२ दशलक्ष घनमीटर पाणी. ज्या जलाशयाचा उपयुक्त साठा ७४० आहे, त्यातून हे पाणी पावसाळ्यातल्या येव्यावर उचलायचे आहे. पश्चिम विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख मी जवळून पाहिले आहे. यवतमाळ-बुलढाण्याला पाणी नको असे म्हणणारा मी कोण? पण मूळचे २,५०,८०० हेक्टर अजून पुरते भिजलेले नाही. कालव्याखाली पुन्हा जमिनी जातील, पुन्हा कोणी सशर्त होकार देईल. या प्रकल्पावर हिरव्या वर्तुळात जी चर्चा सुरू झाली आहे ती वाचतो आहे. खोऱ्यातल्या पाण्याची खरी उपलब्धता, वन्यजीवांच्या वाटा, जंगलाचे क्षेत्र, खर्च-लाभ गुणोत्तर. सगळे मुद्दे बरोबर. फायली पुन्हा त्याच तीन.

म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून मी चौथी सुरू केली आहे. तिच्यात कात्रणे नाहीत. पाणी चढण्याआधी ज्यांनी वैनगंगेच्या वाळूत वाड्या केल्या त्यांतले बरेच जण आता सत्तरीच्या पुढे आहेत. ते सांगतात ते लिहून घेतो. परवा एका ढीवर आजोबांनी सांगितले की वाळूच्या जागा दरवर्षी गावातच बसून वाटत. पूर ओसरला की आधी सगळे मिळून पात्रात फिरून येत, कुठे वाळू नवी पडली ते पाहत आणि मग काठ्या रोवत. विधवा बाईला काठाजवळची जागा, कारण पाणी डोक्यावरून लांब न्यावे लागू नये. भांडणे होत नसत का, असे मी विचारले. होत, म्हणाले, पण कागद नव्हता, त्यामुळे ती त्याच वर्षी मिटत. मी त्या वाटणीतली नावे विचारली. त्यांनी सव्वीस नावे सांगितली, क्रमाने, काठाकडून धारेकडे.